दुखणे खांद्यात नव्हते

घोडा पुढच्या पायाने लंगडू लागला की पाहणाऱ्यांपैकी निम्मे लोक त्याच्या खांद्याकडे बोट दाखवतात. तसे वाटण्यास कारणही असते. पाऊल आखूड पडते, पाय पूर्ण पुढे टाकला जात नाही आणि काही महिन्यांत त्या खांद्यावरचे मांस उतरून हाडाची कड वर दिसू लागते. जे काही डोळ्यांना दिसते ते खांद्यावरच दिसते. वास्तविक मांस उतरते ते पायाचा वापर कमी झाल्यामुळे. पुढच्या पायाचे जुनाट दुखणे बहुतेक वेळा खाली, खुरात असते. घोड्याच्या शरीराचा सुमारे ६० टक्के भार पुढचे दोन पाय वाहतात, आणि तो सारा भार अखेरीस ज्या दोन खुरांवर उतरतो ती खुरे आपल्या पंजात मावतील एवढीच असतात.

खानदेशातील एका बाजारपेठेच्या गावी, समाजाच्या पांजरपोळात, चांदणी नावाची एक मारवाडी घोडी चौदा महिने डाव्या पुढच्या पायाने लंगडत होती. कपाळावरील पांढऱ्या टिळ्यावरून तिला हे नाव पडले होते. कानांची टोके आत वळून एकमेकांना टेकणारी, मान उंच, रंग तांबडा. तापीकाठच्या सारंगखेड्याच्या यात्रेत एका घोडीवाल्याने तिला लहान असताना विकत घेतले आणि पुढे नऊ वर्षे ती वरातीत चालली. डांबरी रस्ता, कानाशी बँड, पाठीवर शेरवानी-फेट्यातला नवरदेव, आणि मांडवाच्या दारी तासन्‌तास एकाच जागी उभे राहणे हा तिचा व्यवसाय. नंतर ती ठेचाळू लागली. ठेचाळणाऱ्या घोडीवर कोणी मुलाला बसवत नाही. एका चैत्रात घोडीवाल्याने तिला पांजरपोळाच्या दारी आणले, यथाशक्ती देणगीची पावती फाडली आणि तो मोकळा झाला. ज्या घरांचे नवरदेव तिच्या पाठीवरून मांडवापर्यंत आले होते, त्यांपैकी तीन घरे पांजरपोळाच्या विश्वस्त मंडळात होती.

पांजरपोळ ही आपल्या समाजाची जुनी संस्था. मुंबईचा पांजरपोळ १८३४ साली जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने उभा राहिला. गुजरातेत आणि राजस्थानात त्याहूनही जुनी परंपरा आहे. परंतु या संस्थांचे ज्ञान मुख्यतः गाई-बैलांचे असते. घोडा हे निराळे प्रकरण आहे. गाईचे खूर दुभंगलेले. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर, किंबहुना त्या बोटाच्या नखावर उभा असतो. तिसरे तीर्थंकर संभवनाथ यांचे लांछन अश्व आहे. त्या लांछनापुढे रोज हात जोडणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी कधी घोड्याचा पाय उचलून त्याचा तळवा पाहिला असेल.

चौदा महिन्यांत चांदणीवर उपचार झाले नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. उलट फार झाले. प्रथम खांद्याला तिळाच्या तेलाने मालिश झाली, मग हळदीचा लेप, मग गुडघ्याला पट्टी. एका जाणत्या माणसाने खांद्यावर तापल्या लोखंडाने डाग द्यावा असे सुचवले. अध्यक्ष शेठजींनी त्याला चहा पाजून वाटेला लावले. पावसाळ्यात खुराच्या तळव्यात पू झालेला सापडला. नालबंदाने तो मोकळा केला, मिठाच्या कोमट पाण्याने शेकले, आणि दहा-बारा दिवस घोडी इतकी बरी चालली की पेढे वाटायचेच बाकी राहिले होते. अकराव्या-बाराव्या दिवसानंतर लंगडणे पूर्ववत. मग वेदनाशामक पूड सुरू झाली. पूड असे तोवर घोडी ठीक, पूड बंद झाली की तीन दिवसांत पुन्हा तेच.

पांजरपोळाचे हिशेब लिहिणारे मुनीमजी या पुडीवर नाराज होते. चाळीस वर्षे अडतीच्या पेढ्यांवर वह्या लिहिलेले ते गृहस्थ. त्यांचे म्हणणे असे की तेरीज जुळत नसली की फरकाची रक्कम उचंत खात्यावर टाकून मोकळे होता येते; दोन्ही बाजू सारख्या दिसतात, रात्री झोपही लागते. पण फरक तिथेच असतो. पूड म्हणजे उचंत खाते.

मार्गशीर्षातल्या सभेत विषय निघाला तो खर्चाचा. एका विश्वस्तांनी हिशेब मांडला की एका घोडीच्या औषधावर आणि चंदीवर जेवढे जाते तेवढ्यात दोन भाकड गाई सांभाळता येतात. दुसऱ्यांनी सुचवले की कोणाच्या तरी शेतघरी ती द्यावी. शोभेची घोडी आहे, कोणीही आनंदाने नेईल. ‘कोणीही’ नेईल आणि पूड चारून पुन्हा वरातीत उभी करील, हे सर्वांना कळत होते. ते बोलले मात्र कोणी नाही. तिच्या यातना कायमच्या संपवाव्यात असेही एक वाक्य कुजबुजत झाले. त्याची नोंद इतिवृत्तात नाही. मुनीमजी सभासद नव्हते, तरी परवानगी घेऊन एवढेच म्हणाले, “शेठजी, कारण काय ते एकदा नक्की कळू द्या. मग काढायची की ठेवायची ते ठरवा. आज आपण न कळलेल्या गोष्टीवर मत मांडतो आहोत.”

पुण्यातील शर्यतींच्या तबेल्यांत काही वर्षे काम केलेले एक पशुवैद्य त्या भागात अधूनमधून येत. त्यांना बोलावणे गेले. ते आले आणि त्यांनी पहिला तास घोडीला हातही लावला नाही. केव्हापासून, कोणत्या जमिनीवर जास्त, सकाळी जास्त की चालल्यावर, नाल शेवटचे कधी बदलले, असे प्रश्न विचारीत राहिले. उत्तरे व्यवस्थापक देत होते. शेण काढणाऱ्या मावशी दाराशी टोपली घेऊन उभ्या होत्या. डॉक्टरांनी त्यांच्याकडे वळून विचारले, “मावशी, रात्री ही कशी उभी राहते?”

मावशी म्हणाल्या, “पेंढा ओढते आणि टाचांखाली जमवते, डॉक्टरसाहेब. पुढच्या दोन्ही टाचांखाली. सकाळी मी सारखा करते, रात्री पुन्हा तेच. पेंढा फार लागतो म्हणून मला बोलणी बसतात.”

“दोन्ही टाचांखाली?”

“दोन्ही. तिला उशी लागते.”

डॉक्टरांनी हे वहीत लिहून घेतले. चौदा महिन्यांत हा प्रश्न मावशींना कोणी विचारला नव्हता.

त्यानंतर घोडी बाहेर काढली. चालीवर लंगडणे पुसट दिसे. दुडकीवर ते उघडे पडते, कारण दुडकीत कर्णरेषेतल्या पायांच्या जोड्या सारख्या तालात पडतात आणि ताल चुकला की कानालाही कळते. डॉक्टरांनी जमलेल्या मंडळींना पायाकडे नव्हे, डोक्याकडे पाहण्यास सांगितले. पुढचा दुखरा पाय जमिनीला टेकतो त्या क्षणी घोडा डोके वर उचलतो, म्हणजे भार हलका होतो. निरोगी पाय टेकला की डोके खाली जाते. डावा पाय पडला की चांदणीचे डोके वर जात होते. शून्य ते पाच अशा मोजमापात डॉक्टरांनी तिला तीन गुण दिले. नदीच्या वाळूत तेच लंगडणे निम्म्यावर आले, सिमेंटच्या अंगणात दुप्पट झाले. दोरीवर डावीकडे गोल फिरवले तेव्हा डावा पाय अधिक दुखला. उजवीकडे फिरवले तेव्हा मात्र एक चमत्कारिक गोष्ट झाली. डाव्या पायाची तक्रार जवळजवळ दिसेनाशी झाली आणि क्षणभर उजव्या पायावर डोके किंचित वर गेल्यासारखे वाटले. डॉक्टर काही बोलले नाहीत.

मग खांद्यापासून खाली हात फिरवला. सांधे वाकवून पाहिले, नळीच्या हाडामागच्या कंडरा चाचपल्या. खांदा मागेपुढे ओढला तरी घोडीने हूं की चूं केले नाही. मोठ्या चिमट्याने खुराचा तळवा इंच-इंच दाबला. पू झालेली जुनी जागा बरी होती. टाचांच्या मधला रबरासारखा भाग आडवा दाबताच तिने पाय ओढून घेतला. उजव्या पायालाही, थोडा कमी.

नालबंदाने जुने नाल उतरवले. आपल्याकडे असे झिजलेले नाल दुकानाच्या उंबऱ्यावर ठोकण्यासाठी लोक मागून नेतात. याच घोडीचे आधीचे नाल बाजारपेठेतल्या एका किराणा दुकानाच्या उंबऱ्यावर होतेच. ते कोणत्या बाजूने झिजले आहे हे गिऱ्हाईकही पाहत नाही आणि दुकानदारही. डॉक्टरांनी नाल उजेडात धरले. पुढची कड सुरीच्या पात्यासारखी पातळ झालेली, टाचेकडची जाडी जशीच्या तशी. निरोगी घोडा सपाट पाऊल टाकतो किंवा टाच किंचित आधी टेकवतो. ही घोडी टाच वाचवून पुढच्या टोकावर पाऊल टाकीत होती. ती ठेचाळत होती ती याचसाठी.

इतक्यावरून तर्क झाला होता. पुरावा अजून नव्हता. पुरावा मिळवण्याची घोडेवैद्यांची रीत व्यापाऱ्याला चटकन पटण्यासारखी आहे. पायाचा खालचा भाग तेवढ्यापुरता बधिर करायचा आणि लंगडणे जाते का पाहायचे. गेले, तर दुखणे त्या भागात. नाही गेले, तर एक पायरी वर सरकायचे, पुन्हा बधिर करायचे, पुन्हा पाहायचे. नेहमी खालून वर. कारण वरची नस आधी बधिर केली तर तिच्याखालचे सगळेच मुके होते आणि काही समजत नाही. वार्षिक तेरीज जुळत नसली की मुनीम महिन्यामहिन्याचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा स्वतंत्र ताडून पाहतो, तसेच हे. डॉक्टरांनी डाव्या पायाच्या टाचेच्या थोडे वर, दोन्ही बाजूंना, बारीक सुईने औषध दिले. शेठजींनी तोंड फिरवले होते. घोडीने फक्त शेपटी हलवली. दहा मिनिटांनी टाचेच्या कातडीला पेनाचे टोक टोचून पाहिले. जाणीव नव्हती. घोडीला दुडकीवर आणले.

डाव्या पायाचे लंगडणे नाहीसे झाले होते. आणि आता ती उजव्या पायाने लंगडत होती.

अंगणात कोणी काही बोलेना. व्यवस्थापकांना वाटले की सुई चुकली. मुनीमजी मात्र आपल्या जागेवरून उठले. वह्यांत हे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. एक चूक नावेकडे, दुसरी जमेकडे, दोन्ही एकमेकींना झाकतात. पुरत्या सारख्या असल्या तर तेरीज जुळतेसुद्धा, आणि थोड्या कमीअधिक असल्या तर फक्त उरलेला फरक दिसतो. माणूस त्या फरकाएवढीच चूक शोधत बसतो. चांदणीचे दोन्ही पाय दुखत होते. डावा अधिक, म्हणून तेवढाच दिसत होता. दोन्ही टाचांखाली पेंढा जमवून ती रोज रात्री हेच सांगत आली होती.

उजवी टाचही बधिर केली. पुढची काही मिनिटे ज्यांनी पाहिली त्यांना ती विसरता येणार नाहीत. घोडीने मान उंचावली, कान जुळवले, आणि वाळूकडे जाणाऱ्या वाटेवर लांब, सपाट, तालबद्ध दुडकी घेतली. नवरदेव घेऊन येत असे तशी. मावशींनी पदर तोंडाला लावला.

तिचा जुना घोडीवालाही बातमी ऐकून आला होता. त्याने अदबीने विचारले, “डॉक्टरसाहेब, ही सुई वरातीच्या आधी दिली तर?”

“दिली तर तिला दुखणार नाही,” डॉक्टर म्हणाले. “दुखणार नाही म्हणून ती पाय जपणार नाही. जपणार नाही म्हणून आत जे फाटायचे आहे ते फाटेल. ही सुई शोधण्याची आहे, काम करवून घेण्याची नव्हे.” आणि औषधाचा असर उतरेपर्यंत त्यांनी तिला ठाणावर बांधून ठेवायला लावले.

दुपारी फिरत्या यंत्रावर दोन्ही खुरांची क्ष-किरण चित्रे काढली. खुराच्या आत, मागच्या बाजूला, होडीच्या आकाराचे एक लहान हाड असते. वैद्यकात त्याला नॅव्हिक्युलर म्हणतात. पाय वाकवणारी जाड कंडरा या हाडावरून, विहिरीच्या कप्पीवरून दोर जावा तशी, खाली जाते. चांदणीच्या या हाडाच्या खालच्या कडेची बारीक छिद्रे रुंदावली होती, डाव्या पायात जास्त. डॉक्टरांनी तेवढ्यावरून निकाल दिला नाही. अशी चित्रे कधी कधी न लंगडणाऱ्या घोड्याचीही येतात, आणि टाच बधिर केली की जवळजवळ सगळे खूरच बधिर होते, असे ते म्हणाले. परंतु पेंढा, वाळू-सिमेंट, चिमटा, नाल, सुई आणि चित्र या सहा साक्षी एकच गोष्ट सांगत होत्या. पू झाला होता हेही खरेच. मुनीमजींच्या शब्दांत, ती चूक खरी होती, पण फरक तिचा नव्हता.

त्याच चित्रांत आणखी एक गोष्ट दिसत होती, आणि ती पाहायला वैद्य असण्याची गरज नव्हती. खुराचे पुढचे टोक लांब वाढले होते आणि टाचा दुमडून पुढे सरकल्या होत्या. खूर महिन्याला साधारण सहा ते दहा मिलिमीटर वाढते. नाल ठोकलेले असले की ते झिजत नाही. सारी वाढ अंगावर राहते. टोक लांबले आणि टाच खचली की कप्पीवरचा दोर दर पावलाला अधिक ताणला जातो. म्हणून सहा आठवड्यांच्या आसपास नालबंदाने खूर छाटून नाल नव्याने बसवावे लागते. मुनीमजींनी रोजमेळ काढून आणला. चौदा महिन्यांत नालबंदाच्या नावे चार नोंदी होत्या. नालबंद म्हणाला, “बोलावतात तेव्हा मी येतो, मुनीमजी.” घोडीवाल्याकडे तर नाल पडेपर्यंत नाल बदलायची पद्धतच नव्हती. डॉक्टरांच्या मते हाडाची झीज काही वर्षांची होती, वरातीतली. पांजरपोळाने तिला थांबवले नाही, इतकेच.

पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, आणि चातुर्मासात ते घरोघर ऐकले जातात: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. पांजरपोळात मारहाण नव्हती, इजा नव्हती, ओझे नव्हते, दाणापाणी वेळेवर होते. तरी दिवसातले वीस तास घोडी सिमेंटच्या फरशीवर बांधलेली होती आणि वाढलेल्या खुरांचा भार तिच्याच टाचांवर होता. दया आणि देखभाल या दोन गोष्टी आहेत आणि दुसरीसाठी वही लागते, हे मान्य करणे काही विश्वस्तांना जड गेले. शेठजींनी वाद न करता फरशीवर वाळूचा थर घालण्याचे सांगितले.

उपचार साधाच निघाला, पण चिकाटीचा. लांबलेले टोक एकदम न छाटता तीन वेळांत मागे आणले, म्हणजे कंडरांना सवय होते. नाल असे बसवले की पुढची कड गोलावलेली राहील आणि मागे टाचेला आधार मिळेल. पूड थोडे दिवस ठेवून उतरवत बंद केली. रोज सकाळी वाळूत सरळ चाल. गोल फिरवणे नाही, पाठीवर कोणी नाही. चार महिन्यांनी डॉक्टरांनी तिला पुन्हा दुडकीवर पाहिले. तीनाचा एक झाला होता. शून्य होणार नाही असे त्यांनी आधीच सांगितले होते. झिजलेले हाड भरून येत नाही.

लग्नसराईच्या तोंडावर घोडीवाला परत आला. घोडी चालते आहे हे त्याने रस्त्यावरून पाहिले होते. देणगीपेक्षा मोठी रक्कम घेऊन आला होता आणि अजीजीने बोलत होता. त्याचाही संसार त्या धंद्यावर चालतो, हे विसरून चालणार नाही. सभेत या वेळी खर्चाचा विषय निघाला नाही. शेतघराची सूचना करणाऱ्या विश्वस्तांनीच ठराव मांडला की चांदणी संस्थेबाहेर दिली जाणार नाही. मुनीमजींनी तो लिहून घेतला, आणि नालबंदाच्या पुढच्या आठ तारखा आगाऊ त्याच पानावर लिहून खाली शेठजींची सही घेतली. मावशींनी पेंढ्याचे दोन गठ्ठे दरमहा जादा मागितले. तेही मंजूर झाले.